उसण न्हवती ती

"कुणाला सांगितलं व्हतं तिनं? नाव सांग. तुझ्या बापाला? त्यो तर गेला. तुझ्या मायला? ही काय बसलीय तुझी माय, इचार की."

तात्या उभा राहून बोलत व्हता. हातात पाण्याचा तांब्या, पण प्यायचं इसरला व्हता. तात्या म्हणजे तात्याबा, मपला थोरला चुलता. काल आबाचा, म्हणजे मपल्या बापाचा दहावा झाला, आमची दोघायची बी डोकी ताजी भादरलेली. त्याच्या टाळूवर वस्तरा लागून बारीक कापलं व्हतं. तिथं माशी बसायची आन् तो बोलता बोलता उडवायचा. मला असलंच दिसतं. नको तवा नको ते दिसतं.

"सांगितलं व्हतं म्हणजे सांगितलं व्हतं," मी म्हणलं.

"आरं पण कुणाला?"

मी वरणात भाकर चुरत राहिलो.

"बघा," तात्या पंगतीतल्या पाव्हण्यायकडं वळला. "चार दिवस झाले, येवढंच घोकतंय. बाईची चूक न्हाई, बाईनं सांगितलं व्हतं. बाप मेला ह्याचा आन् कड घेतंय तिची. का बे, काय खाऊ घातलं तिनं तुला?"

मी ताट लाथाडलं. वरण मातीत गेलं, कुत्रं लगेच आलं. तात्यानं तांब्या खाली ठिवला आन् मपल्या कानाखाली एक दिली. सावकाश दिली, जशी आधीच ठरवून ठिवलेली. मी बी हात उचलला व्हता. पण त्याचे डोळे भरलेले दिसले, मंग खाली केला.

"जेवण झालं का निघायचं," तो म्हणला. "दोन जीपा सांगितल्यात. मांजरसुंब्याला तिच्या दारात जायचं. तू म्होरं उभा राहशील आन् सांगशील, हिच्याकडून आणलं तवापासून बापाच्या छातीत दुखत व्हतं. येवढंच. हे खोटं हाय का?"

खोटं न्हाई. तीच तर पंचाईत हाय.

माय भिंतीला टेकून बसली व्हती. ती हळूच म्हणली, "मला न्हाई बा कुणी काही सांगितलं." आन् पदरानं नाक पुसलं.

मी उठून मेंढरायच्या जाळीपाशी येऊन बसलो. हितून समदं दिसतं. पंगत दिसती, माय दिसती, रस्त्याच्या कडंला उभ्या केलेल्या दोन जीपा दिसत्यात. तात्या वाईट माणूस न्हाई. आबाला सरणावर ठिवताना त्यानं आबाची चप्पल काखेत धरली व्हती, कुणाला देत न्हवता.

मी पायाळू हाय. म्हणजे जल्मताना मपलं डोकं आधी न येता पाय आधी आले. माय म्हणती, "तवाच कळलं, हे पोरगं उलट्या डोक्याचं निघणार." आमच्याकडं असं हाय, वाकता वाकता कुणाच्या पाठीत चमक निघाली आन् पाठ धरली का म्हणत्यात उसण भरली. मंग पायाळू माणसाचा पाय लावायचा. उसणीचा माणूस पालथा झोपतो. पायाळू डावा पाय दुखऱ्या जागी पाच वेळा टेकवतो आन् तवर एक शब्द बोलत न्हाई. मंग तो माणूस उठतो आन् चालायला लागतो. मागं वळून बघायचं न्हाई. बघितलं तर उसण परत येती. उपकार बी मानायचे न्हाईत.

पाच वर्साचा व्हतो तवापासून मी पाय देतोय. तवा आबा मला काखेत धरून माणसाच्या पाठीवर उतरवायचा, कोकरू नदीत उतरवत्यात तसा. मांजरसुंब्याच्या ढाब्यावरून टरकाचे डायवर यायचे. एकदा एक पुढारी आलता, गाडीतून उतरताच येईना, तर मागच्या सीटवर आडवा करून तिथंच पाय दिला. कपिलधारला दर्शनाला आलेली माणसं पत्ता इचारत वस्तीवर यायची. "पायाळू पोरगं कुठं राहतं?" लोक बोट दाखवायचे.

शाळा मी नववीत सोडली. शहादेव गुरुजी भर वर्गात म्हणले, मेंढरामागं जाणाऱ्याला बीजगणित कशाला पाहिजे. मी डस्टर फेकून मारला. गुरुजीला लागला न्हाई, फळ्याला लागला. दुसऱ्या दिवसापासून गेलोच न्हाई. म्होरच्या वर्साला हेच गुरुजी कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून आमच्या वस्तीवर आले. कंबरंत वाकलेले, तोंड लिंबू चोखल्यावानी. मला म्हणले, "सोमनाथ, बाळा." बाळा म्हणले. मी पाय दिला. जरा जादाच दिला. उठून सरळ चालत गेले बिचारे, वळून बघितलं न्हाई. आबा जाळीमागं तोंडात फडकं कोंबून हसत व्हता.

सांगायचं येवढंच, मला दुसरं काही येत न्हवतं. हातात घेतलं ते मोडतं मपल्याकडून. राग येतो आन् मोडतं. पण पायाला मान व्हता. पायामुळं आबा चारचौघात म्हणायचा, "आमचा सोम्या हाय ना."

पायाळूवर इज पडती म्हणत्यात. म्हणून आभाळ गडगडलं का माय मला घरात घालती आन् बाहीरून कडी लावती. सोळा वर्साचा झालो तरी. ह्या साली होळीच्या आधी अवकाळी आली, गारा. मला कोंडलं. पत्र्यावर असा आवाज व्हता जसा कुणी वरून गिट्टी ओततंय. मी खिडकीतून बघत व्हतो. आबा एकलाच डोक्यावर घोंगडी घेऊन जाळीकडं पळाला. एक गाभण मेंढी उधळून चरात पडली व्हती. आबा चरात उतरला, तिला छातीशी धरून वर काढली. गाभण, त्यात लोकर भिजलेली, दोन माणसायचं वझं असन ते. मी हाय कशाला मंग? पण मी आत. आबानं मेंढी खाली ठिवली आन् तसाच वाकलेला राहिला. मी वरडलो, "आबा, सरळ व्हय." गारायच्या आवाजात त्याला आइकू गेलं न्हाई.

त्या उसणीला मी तीनदा पाय दिला. पहिल्यांदा दोन दिवस बरं वाटलं. दुसऱ्यांदा एक दिवस. तिसऱ्यांदा आबा म्हणला, "बरं वाटलं बघ," पण चप्पल घालताना त्यानं भिंत धरली. मी बघितलं. तो मपल्यासाठी खोटं बोलला व्हता.

शहादेव गुरुजीनंच सांगितलं, एकदा एक्सरे काढा. बीडला जाऊन काढला. डाक्टर म्हणला मणक्यातली गॅप कमी झालीय, गोळ्या घ्या आन् फिजिओथेरपीच्या दहा बैठका करा. थेरपी मांजरसुंब्याला व्हती. फाट्यापासून आत, किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत. योगिता मॅडम. पंचवीस-सव्वीस वर्साची असन. एक टेबल, करंटची मशीन, गरम पाण्याच्या पिशव्या, भिंतीला सांगाड्याचं चित्र. मी एक दिवसाआड आबाला मोटरसायकलवर न्यायचो.

पहिल्या दिवशी आबानं सदरा काढायलाच लई येळ लावला. लाजत व्हता.

"काका, पालथं झोपा."

"पोरी, तू बी पायाळू हाईस का?"

"नाही काका. मी साडेचार वर्षं शिकलेय."

"हे आमचं पोरगं जल्मायच्या आधीच शिकून आलंय," आबा टेबलात तोंड घालून म्हणला.

मॅडमनं मला इचारलं, हे काय म्हणतात. मी सांगितलं. मला वाटलं हसन. हसली असती तर मी तिथंच काहीतरी फोडलं असतं. ती म्हणली, "जोर किती देतोस? टाचेवर देतोस का पंजावर?" मला असं कुणी कधी इचारलं न्हवतं. मी उशीवर टाच ठिवून दाखवली. ती बघत राहिली.

"अंदाज चांगलाय तुझा," ती म्हणली. "पण आत काय दुखतंय ते माहीत नसताना पाय द्यायचा नाही. शाळा का सोडलीस? सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावी कर."

"मॅडम, त्यानं डस्टर मारलाय मास्तरला," आबा टेबलातून म्हणला.

"लागला का?"

"न्हाई."

"मग अंदाज अजून सुधारायला पाहिजे."

आबा इतका हसला का पाठीत चमक निघाली त्याच्या.

मला तिचा राग बी यायचा आन् तिथं जावंसं बी वाटायचं. राग ह्याचा का पाचव्या बैठकीनंतर आबा वाकून कोकरू उचलायला लागला. मपल्या पायानं झालं न्हवतं ते तिच्या हातानं झालं. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून तिचे हात बघायचो. कुठं अंगठा लावती, कुठं तळवा, कवा थांबती. घरी येऊन मेंढीच्या पाठीवर करून बघायचो. मेंढी लाथ मारायची.

सहाव्या बैठकीला आबा म्हणला, वर फऱ्यात, खांद्याच्या हाडापाशी बी आवळतंय. तिनं दोन्ही तळवे त्याच्या फऱ्यायच्या मधी ठिवून दाबलं. कटकट आवाज आला. आबा म्हणला, "हां, आता पडला गिअर."

तो सदरा घालत व्हता तवर तिनं मला जिन्यापाशी बोलावलं.

"आज वरच्या पाठीला दाबलंय. दोन दिवस ठणकेल. बरगड्या दुखतील, पुढं छातीपर्यंत येईल. घाबरायचं नाही. बोटानं दाबून बघायचं. दाबलं की दुखलं तर ते मांसाचं, शेकायचं. पण दाबून दुखत नसेल, आत आवळल्यासारखं होत असेल, घाम आला, हात जड झाला, तर ते माझं काम नाही. माझ्याकडे आणायचं नाही, पाठ चोळत बसायचं नाही, सरळ मोठा दवाखाना. काकांचं वय झालंय, तंबाखू आहे, म्हणून सांगते. कळलं? म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. शाळंत कधी येवढं पाठ झालं न्हवतं.

"घरी आईला पण सांग."

"सांगतो."

न्हाई सांगितलं. कावून न्हाई सांगितलं, हे मी लई येळा मपल्यालाच इचारलं. इसरलो न्हवतो. मला वाटलं, घरात एक तरी गोष्ट अशी असू दे का जी फक्त मलाच माहीत हाय.

दुसऱ्या दिवशी आबाच्या बरगड्या दुखायला लागल्या. छाती बी. माय वीट गरम करून फडक्यात गुंडाळून शेकत व्हती आन् मॅडमला शिव्या देत व्हती. "थेरपी हाय का बडवणं हाय? धान्य बी असं न्हाई कुटत कुणी." मी ऐटीत गेलो, आबाच्या छातीवर बोट ठिवलं, दाबलं.

"मेलो रे. काढ बोट, काढ."

"मांसाचं हाय," मी म्हणलं. "शेका."

"बघ माय, डाक्टर झालाय पोरगा," आबा म्हणला. तो मपल्या मायला 'माय' म्हणायचा, मपल्या देखत. तिसऱ्या दिवशी दुखणं कमी झालं. मी म्हणलं व्हतं तसंच झालं म्हणून मी दिवसभर मान ताठ करून फिरलो.

चौथ्या दिवशी सकाळी सात-साडेसात असतील. मेंढरं बाहीर काढायची येळ झाली व्हती आन् आबा हितंच, ह्या लिंबाच्या बुडाला बसला व्हता. गार वारं व्हतं. आबाच्या कपाळावर घाम. मिशीवर थेंब. डाव्या हाताची मूठ उघडायचा, झाकायचा, उघडायचा. एक कोकरू त्याचं मनगट चाटत व्हतं. खारट लागत असन.

"आबा, काय झालं?"

"त्या बाईचं दाबणं. परत आलंय छातीत."

मी बोट ठिवलं. "हितं?"

"न्हाई."

"मंग हितं?"

"न्हाई रे. आत हाय. दोरी घालून आवळल्यावानी."

मला समदं पाठ व्हतं. एकूण एक शब्द. मी त्याच्याकडं बघत व्हतो आन् मॅडमचा आवाज कानात चालू व्हता, एका मागं एक, घाम, आवळणं, हात.

मी म्हणलं, "आबा, ऊठ. बीडला जाऊ. मॅडम म्हणली व्हती का असं झालं तर..."

"तिचं नाव काढू नको. तिनंच केलंय हे. तू पाय दे."

"छातीला न्हाई देत पाय."

"पाठीतूनच आलंय ते म्होरं. उसणच हाय. तिनं तिकडून ढकलली ती हिकडं निघाली. तू पाय दे बाबा. तुझ्यासारखं तिला न्हाई येत."

तुझ्यासारखं तिला न्हाई येत. हे आइकलं आन् मपल्या पोटात गोड गोड झालं. खरं सांगतो. दोन हप्ते मी कोपऱ्यात स्टुलावर बसून तिचे हात बघितले व्हते आन् आबाला बरं व्हताना बघितलं व्हतं. त्या एका वाक्यानं मी पाठ केलेलं समदं बाजूला ठिवलं. इसरलो न्हाई. बाजूला ठिवलं.

तो घोंगडीवर पालथा झोपला. मी चप्पल काढली, डावा पाय धुतला. एक. दोन. सदरा घामानं वला व्हता, गार लागत व्हता. तीन. चौथ्याला मपल्या टाचंला त्याचं काळीज लागलं. पाठीतून. धाडधाड धाडधाड, मधीच एकदम काहीच न्हाई, मंग परत धाडधाड. जाळीत कोल्हा आल्यावर मेंढरं धावत्यात तसं. पाय देताना बोलायचं नसतं. मी बोललो न्हाई. पाचवा दिला.

आबा उठून बसला. मंग म्हणला, "बरं वाटलं बघ."

हाच आवाज मी आधी आइकला व्हता. त्यानं भिंत धरली त्या दिवशी.

त्यानं काठी घेतली, जाळी उघडली, मेंढरं काढली आन् त्यायच्या मागं चालायला लागला. पाय घेतल्यावर मागं वळून बघायचं न्हाई. त्यानं बघितलं न्हाई. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर मधोमध मपल्या टाचंचा मातकट डाग व्हता. तो डाग बांधाच्या पलीकडं उतरस्तोवर मला दिसला.

मी मोटरसायकल काढून फाट्यावर गेलो. पप्पू मपला दोस्त, त्याच्या बापाचं चहाचं हाटेल हाय तिथं. मी म्हणलं, "पप्प्या, आबा म्हणला, मॅडमपेक्षा तुझा पाय बरा."

पप्पू म्हणला, "मंग बोर्ड लाव बे. पायाळू हॉस्पिटल. आत येताना पाठ घेऊन या."

आमी हसलो. मी भजे खाल्ले. गरम व्हते, टाळूला चटका बसला, तो फोड अजून व्हता आबाला जाळलं तवा. दहा वाजता मायचा फोन आला. आबा बांधाला पडला व्हता, मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरली म्हणून लोकायला कळलं.

टेम्पोत आबाचं डोकं मायच्या मांडीवर व्हतं आन् पाय मपल्या. टाचा भेगाळलेल्या, एका भेगंत काटा मोडलेला. मी तो काटा नखानं काढत बसलो, घाट संपस्तोवर. निघाला न्हाई.

बीडच्या दवाखान्यातल्या डाक्टरनं आबाच्या छातीला तारा लावल्या, यंत्र बघितलं आन् काढून टाकल्या. म्हणला, "गेलेत. हार्ट अटॅक. सकाळीच सुरू झालेला असणार. घाम आला होता का? छातीत आवळत होतं का?"

माय म्हणली, "थेरपीचं दुखत व्हतं वो त्यायला. चार दिवस झाले."

डाक्टरनं मपल्याकडं बघितलं. "सकाळीच आणलं असतं तर काही तरी करता आलं असतं."

मी मपल्या पायाकडं बघितलं. डाव्या पायाच्या नखात घोंगडीची लोकर अडकलेली व्हती.

घरी आणल्यावर माय येणाऱ्या जाणाऱ्याला हेच सांगायची. बाईनं दाबलं तवापासून छाती धरली व्हती. आधी माय म्हणली, मंग बाया म्हणल्या, मंग तात्या म्हणला. दर येळी जरा वाढायचं. पाचव्या दिवशी बरगडी मोडली व्हती. सातव्या दिवशी बरगडी काळजात घुसली व्हती.

मॅडम तिसऱ्या दिवशीच आलती. स्कुटीवर, एकलीच. दारात चप्पल काढून उभी राहिली तर बायायनी तोंडं फिरवली. तात्या म्हणला, "आता काय बघायला आली? झालं ना तुझं?" तिनं गर्दीत मला हुडकलं. एक वाक्य बोलली असती का ह्याला सांगितलं व्हतं मी, तर तिथल्या तिथं सुटली असती. मी तिच्या तोंडाकडं बघत व्हतो, आता बोलन, आता बोलन. ती जवळ आली आन् म्हणली, "आईला जप." आन् चप्पल घालून गेली. तिचा एक बंद निघाला व्हता, तसाच फरपटत गेली स्कुटीपर्यंत.

मंग मी घोकायला लागलो, बाईची चूक न्हाई, बाईनं सांगितलं व्हतं. येवढंच म्हणतो. कुणाला, ते सांगत न्हाई.

आत्ता माय आलती हितं. दुसरं ताट वाढून आणलं व्हतं. मपल्या शेजारी बसली आन् जाळीला लोंबलेली लोकर काढत म्हणली, "जेव. तात्याचं मनावर घेऊ नको. भाऊ गेलाय त्याचा."

मी भाकर मोडली, खाल्ली न्हाई.

"तुझ्या पायानं शेवटी बरं वाटलं बघ त्यायला," ती म्हणली. "बांधापाशी मला दिसले, म्हणले, पोरानं मोकळं केलं. तेवढं तरी सुख घेऊन गेले. मी देवाला म्हणते, लेकराचा पाय लागला शेवटाला, बरं झालं."

रोज म्हणती ती हे. रोज. अकरा दिवसांत तिनं तेवढंच एक धरून ठिवलंय.

"माय," मी म्हणलं. "मॅडमनं मला सांगितलं व्हतं."

"काय?"

मी म्हणून दाखवलं. बोटानं दाबायचं. दुखलं तर मांसाचं. न्हाई दुखलं आन् आत आवळलं, घाम आला, हात जड झाला, तर पाठ चोळत बसायचं न्हाई, सरळ मोठा दवाखाना. शब्दाला शब्द. वय झालंय, तंबाखू हाय, तेबी.

तिचे हात लोकरीत थांबले.

"आन् त्या दिवशी घाम व्हता?"

"व्हता."

"तुला दिसला व्हता?"

"दिसला व्हता."

"मंग बी पाय दिला?"

मी मान हलवली.

तिनं हातातली लोकर ताटाच्या कडंला ठिवली. मंग तिथून उचलली, कमरंला खोसली. गुडघ्यावर हात देऊन उठली आन् घराकडं चालायला लागली. मी हाक मारली. परत मारली. वळून बघितलं न्हाई तिनं.

आता पंगत उठलीय. एक जीप सुरू झालीय, दुसरीचा डायवर तंबाखू मळत उभा हाय. मागच्या सीटखाली काठ्या सरकवताना दिसल्या मला, पाच-सहा असतील. तात्या हात करून बोलावतोय, "सोम्या, ये बे, म्होरं बस." माय दारात हाय, तिनं त्याला काही सांगितलेलं दिसत न्हाई. ते मलाच सांगायचंय, आन् हितं सांगितलं तर तात्या म्हणन, बाईनं शिकवलंय. तिच्या दारात सांगितलं पाहिजे, समद्यायच्या म्होरं, जिन्यात उभं राहून. जीप रस्त्यानं फिरून जाती. मधल्या वाटंनं मोटरसायकल घातली तर मी आधी पोचतो. दुपारचे पेशंट असतील तिच्याकडं आत्ता, कुणीतरी पालथं झोपलेलं असन टेबलावर.

दुसरी जीप बी सुरू झाली. मला आता जायचंय.